वेदनाशामक औषधे आणि रेणूंचे साचे



गासच्या या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन कार्यकर्ते माझ्याकडे आले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. ती स्वाभाविकच आहे. माझी सारी उमेद कामगारांच्या वस्त्यांत आणि कारखान्यांच्या फाटकांवर गेली. परंतु मी त्यांना म्हटले, यंदा मला रसायनावर बोलू द्या. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. दहावीनंतर शाळेची पायरी न चढलेला मनुष्य रसायनावर काय बोलणार, असा तो संशय असावा, आणि तो रास्त आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. जे काही वाचले ते वाचनालयात, रात्रपाळी करून घरी आल्यावर, आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. माझ्या बोलण्यात कोठे चूक आढळली, तर येथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी शेवटी ती अवश्य दाखवावी.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगतो. वयाच्या अठराव्या वर्षी मी एका ओतशाळेत हेल्पर म्हणून लागलो. तेथे एक मोल्डर होते. साऱ्या खात्याचे ते काका. हाताला अशी सफाई की त्यांनी घातलेल्या साच्यातून निघालेला नग सहसा बाद होत नसे. परंतु वाळूने भरलेल्या पेट्या वर्षानुवर्षे उचलून त्यांची कंबर गेली होती. पाळी सुरू होण्यापूर्वी एक गोळी आणि जेवणाच्या सुटीत एक गोळी, हा त्यांचा नेम. गोळी कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. नाक्यावरच्या दुकानात ‘कमरेची द्या’ म्हटले की दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कातरून कागदात बांधून देई. अशी अकरा वर्षे गेली. मग एके दिवशी त्यांच्या पायांवर सूज आली, आणि डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. डॉक्टरांनी विचारले, “गोळी कोणती घेत होता?” काकांनी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे पाहिले. आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. पुढे दोन वर्षांनी काका गेले. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे, असे म्हटले तरी चालेल.

वेदनाशामक औषध काय करते ते थोडक्यात पाहू. शरीराला इजा झाली की पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. सूज आणि ठणका वाढविण्यात त्यांचा मोठा हात असतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन ही औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी हे 1971 साली दाखवून दिले आणि 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. आता भट्टीपुढे आठ तास घाम गाळणारा, पाणी प्यायला उसंत नसलेला मनुष्य डोळ्यांपुढे आणा. या द्रव्यांचा आधार ज्याच्या मूत्रपिंडांना सर्वांत अधिक हवा, त्याच्याच तो आपण गोळी देऊन काढून घेतो. म्हणून गोळी वाईट आहे असे मी म्हणत नाही. गोळीने कित्येकांचे संसार उभे ठेवले आहेत. परंतु ती कोणती, किती आणि कोणासाठी, हे कळल्याखेरीज ती घेणे म्हणजे अंधारात यंत्र चालविण्यासारखे आहे.

तेव्हा प्रश्न असा की, रक्तात, लघवीत, पाण्यात किंवा गोळीच्या भुकटीत हजार पदार्थ मिसळलेले असताना त्यांतला नेमका एक पदार्थ ओळखायचा आणि बाजूला काढायचा कसा? पावसाळ्यात भरलेल्या विहिरीत चिमूटभर मीठ टाकले, तर ते पुन्हा कोण काढील? प्रयोगशाळेतल्या माणसापुढे रोज जवळजवळ हेच काम असते. त्यासाठी त्याच्यापाशी मोठी यंत्रे आहेत. ती लाखो रुपयांची असतात. परंतु यंत्रात नमुना घालण्यापूर्वी तो साफ करावा लागतो, म्हणजे हवा तो पदार्थ धरून ठेवायचा आणि बाकीचा गाळ वाहून जाऊ द्यायचा. या धरून ठेवण्याच्या कामासाठी रसायनशास्त्रज्ञांनी जी एक युक्ती काढली, ती ऐकून मला माझी ओतशाळा आठवली.

ओतशाळेत साचा कसा घालतात ते येथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. आधी लाकडाचा पॅटर्न. तो पेटीत ठेवायचा आणि भोवती ओलसर वाळू ठोकून बसवायची. नुसती वाळू ठरत नाही, म्हणून तिच्यात बेंटोनाइटची माती आणि मळी मिसळायची. वाळूने अंग धरले की पॅटर्न हलके ठोकून सैल करायचा आणि अलगद वर काढायचा. मागे जी पोकळी उरते, ती त्या पॅटर्नच्या आकाराची. तिच्यात दुसरा नग बसणार नाही.

रेणूंच्या बाबतीत हेच करतात. ज्या औषधाचा रेणू पकडायचा असेल, तोच पॅटर्न. तो एखाद्या द्रवात विरघळवतात आणि त्यात असे छोटे रेणू घालतात की जे त्याला ठराविक ठिकाणी चिकटून उभे राहतील. यांना एकवारिके म्हणतात. औषध अल्कलीच्या स्वभावाचे असेल, तर जोडीला मेथॅक्रिलिक आम्ल देतात. औषध आम्ल असेल, तर उलट स्वभावाचे व्हिनिलपिरिडीन देतात. त्यानंतर येतो तो बांधणारा पदार्थ, आमच्या मातीच्या आणि मळीच्या जागी. थोडी उष्णता किंवा अतिनील प्रकाश दिला की हे सारे छोटे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि द्रवाचे कठीण घन होते. या गुंफणीलाच बहुवारिक किंवा आपल्या रोजच्या शब्दात पॉलिमर म्हणतात. खोट्या दातांची कवळी आणि दुकानांच्या पाट्यांचा अ‍ॅक्रिलिक पत्रा हेही याच कुळातले. हे घन दळतात, चाळतात आणि मिथेनॉल व अ‍ॅसेटिक आम्लाने पुन्हा पुन्हा धुतात. आतले औषध निघून जाते आणि मागे त्याच्या आकाराच्या असंख्य पोकळ्या उरतात. त्या पोकळीत आकार तर असतोच, शिवाय औषधाला धरणारे हातही योग्य जागी उभे असतात. याचे नाव रेणुमुद्रित बहुवारिक. त्या भुकटीतून रक्ताचा किंवा पाण्याचा नमुना सोडला, की ते औषध पोकळीत अडकते आणि बाकीचे पुष्कळसे पुढे जाते. मग योग्य द्रव ओतून औषध सोडवून घ्यायचे आणि मोजायचे.

ही कल्पना एका रात्रीत कोणाला सुचलेली नाही. कुलपाला जशी किल्ली, तसा एक रेणू दुसऱ्याला बसतो, असे जर्मनीचे एमिल फिशर यांनी 1894 साली सांगितले. सोव्हिएत संघात पोल्याकोव्ह यांनी 1931 साली सिलिकाच्या जेलमध्ये असे ठसे उमटतात हे नोंदविले. अमेरिकेत डिकी यांनी 1949 साली रंगद्रव्यांचे साचे घेतले. जर्मनीत वुल्फ यांनी 1972 साली खऱ्या अर्थाने पॉलिमरचे साचे केले, आणि स्वीडनमधील लुंड येथे क्लाउस मोसबाख यांनी ती रीत पुष्कळ सोपी केली. 1993 साली मोसबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दम्याचे थिओफिलीन हे औषध माणसाच्या रक्तद्रवात मोजण्यास असा साचा चालतो. एरवी त्यासाठी जनावरांच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे लागत. साचा मात्र बाटलीत पडून राहतो, सहज नासत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो.

आपल्याकडेही हे काम झाले आहे, हे सांगताना मला आनंद वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत करमळकर, मोहन कुलकर्णी आणि रघुनाथ माशेलकर या तिघांनी 1996 साली रेणुमुद्रित जेल तयार केल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे कायमोट्रिप्सिन नावाचे विकर असते, त्याच्यासारखे काम तो जेल करीत असे. माशेलकर हे गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले, मुंबईत आईच्या कष्टांवर, गरिबीत शिकलेले. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेला मुलगा रेणूंचे साचे घालतो, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

आता वेदनाशामकांकडे वळू. नॅप्रॉक्सेनचा रेणू दोन रूपांत असतो, आपल्या डाव्या आणि उजव्या हातांसारखा. अणू तेच, परंतु एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. त्यांतले एक रूप ठणका थांबविते, तर दुसरे यकृताला अपाय करते. 1994 साली केम्पे आणि मोसबाख यांनी एका रूपाचा साचा घालून ही दोन्ही रूपे वेगळी करून दाखविली. 1995 साली लुंडच्याच मंडळींनी मॉर्फीनचा साचा केला. मॉर्फीन म्हणजे कर्करोगाच्या शेवटच्या यातनांतला आधार, आणि चुकीच्या हाती गेले तर व्यसन. ते अचूक मोजता येणे किती महत्त्वाचे आहे, हे ज्यांच्या घरात असा रुग्ण होऊन गेला त्यांना सांगावयास नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचेही साचे पुढे पुष्कळांनी केले.

आमच्या एका सभासदाची मुलगी रसायनशास्त्र शिकते. तिने एकदा मला दोन काचेच्या नळ्या दाखविल्या. दोहोंत सारखीच पांढरी भुकटी. “काका, यांतली एक औषध घालून केलेली आणि दुसरी औषधाशिवाय. दिसायला फरक नाही, पण मोजल्याशिवाय मी कोणतीच गोष्ट खरी मानत नाही,” ती म्हणाली. साचा नसलेली ती कोरी भुकटीही थोडे औषध धरतेच. म्हणून दोहोंत फरक किती, तोच साच्याचा खरा गुण. मला ही रीत फार आवडली. युनियनमध्ये आम्हीही मागणीमुळे काय मिळाले हे सांगताना, मागणी केली नसती तरी किती मिळाले असते, हे प्रामाणिकपणे वजा करावयास हवे.

या युक्तीच्या उणिवाही सांगतो, कारण नुसती स्तुती करणे हे जाहिरातवाल्याचे काम आहे. पहिली उणीव अशी की, कितीही धुतले तरी पॅटर्नचा अंश आत राहतो आणि नंतर हळूहळू पाझरतो. नमुन्यात औषध नसतानाही मग ते आहे असे दिसते. ओतशाळेत पॅटर्न काढताना कड मोडली तर नग बाद होतो, तसेच हे. त्यावर 1997 साली स्वीडनमध्ये एक उपाय निघाला. सॅमेरिडीन नावाचे वेदनाशामक मोजावयाचे होते. शास्त्रज्ञांनी साचा त्याचा न घालता त्याच्या अगदी जवळच्या भावंडाचा घातला. भावंड पाझरले तरी यंत्रात ते वेगळे दिसते, हिशेब चुकत नाही. दुसरी उणीव म्हणजे साऱ्या पोकळ्या सारख्या उतरत नाहीत. काही नेमक्या, काही ढिल्या. तिसरी पाण्याची. औषध आणि पोकळी यांना जोडणारे बंध पुष्कळदा पाण्यात दुबळे पडतात, आणि रक्त, लघवी, विहीर, गटार यांत तर पाणीच असते. या अडचणींवर काम चालू आहे. हे साचे मोठ्या यंत्रांना मदत करतात, त्यांची जागा घेत नाहीत.

मग एवढ्या बारीक मोजणीची गरज काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर गिधाडांनी दिले आहे. माझ्या लहानपणी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत आणि सांगाडा तेवढा उरे. आज आपल्या मुलांनी गिधाड चित्रातच पाहिले आहे. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून जेमतेम एक उरली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी या ऱ्हासाची मोजदाद केली. कारण सापडले 2004 साली, पाकिस्तानातील अभ्यासातून. गुरांना कळ थांबावी म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरत होते, आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत होती. त्यांच्या मूत्रपिंडांचे वृत्त वाचले तेव्हा मला आमचे काका आठवले. मुंबईच्या डुंगरवाडीवर गिधाडे येईनाशी झाली आणि पारशी बांधवांच्या शतकांच्या अंत्यविधीलाच अडचण आली. 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 साली त्या बाटल्या तीन मिलिलिटरपुरत्या मर्यादित करण्यात आल्या. 2023 साली जनावरांसाठीची केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक हीही बंद झाली. मांसातला कणभर अंश मोजता आला म्हणूनच हे सारे घडू शकले.

आणि हेच औषध आपल्या शरीरातून गटारात जाते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या रीतींनी ते पूर्णपणे निघत नाही. युरोपीय संघाने 2015 साली पाण्यात ज्यांवर नजर ठेवावी अशा पदार्थांच्या पहिल्या यादीत त्याचे नाव घातले. आपण वसईकर विहिरींवर, बावखलांवर जगलेली माणसे. केळीच्या बागा, पानवेली, फुले ही सारी त्या पाण्याची लेकरे. आपल्याच जिल्ह्यात तारापूरला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत, आणि तेथील पाण्यासाठी मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. त्या कारखान्यांतले कामगार माझे सभासद, आणि खाडीवरचे मच्छीमार माझे शेजारी. या दोघांत भांडण लावून देणे फार सोपे असते. मी दोघांनाही एकच सांगतो, आधी मोजा. पाण्यात काय आहे आणि किती आहे, हे आकड्यांत समोर आले की कोणाला गप्प बसविता येत नाही आणि कोणावर खोटा आळही घेता येत नाही.

शेवटी सर्वांत कटू गोष्ट. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. येथे मूत्रपिंडेच गेली. आणि 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात तेच विष निघाले. वीसहून अधिक लेकरे गेली, त्यांतली कित्येक आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत. जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर, आणि विष तेच. हे विष ओळखण्यास रेणूंचे साचे लागत नाहीत. साधी, जुनी, स्वस्त चाचणी पुरते. ती वेळेवर झाली नाही, एवढेच.

म्हणून आजच्या विषयाचा माझा निष्कर्ष हा आहे. शास्त्र आपल्यासाठी अधिकाधिक बारीक चाळण्या विणीत आहे. परंतु चाळणी भिंतीला टांगून ठेवली तर पीठ आपोआप चाळले जात नाही. चाळणाऱ्याला पगार हवा, वेळ हवा आणि ‘हा माल बाद आहे’ असे म्हणण्याची मोकळीक हवी. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतला कंत्राटी मुलगा, ज्याची नोकरी दर सहा महिन्यांनी संपते, तो मालकाच्या तोंडावर माल बाद कसा करील? त्याच्या नोकरीची शाश्वती हा केवळ त्याच्या पोटाचा प्रश्न नव्हे, तुमच्या माझ्या घरातल्या औषधाच्या शुद्धतेचा तो प्रश्न आहे. कामगार कायद्यांवर बोलणार नाही असे मी म्हटले होते. पण पाहा, रसायन आम्हाला फिरवून तेथेच घेऊन आले.

आणि आपण घरी काय करू शकतो? सुटी गोळी घेऊ नका. पट्टीवरचे नाव दिसेल अशी घ्या, बिल मागा आणि ते जपून ठेवा. चार दिवस गोळी घेऊनही दुखणे राहिले, तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांकडे जा. उन्हात, भट्टीपुढे काम असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. जनावराला माणसाचे इंजेक्शन टोचू नका. आणि कमरेचे दुखणे ज्या ओझ्यामुळे आहे, ते ओझे कमी करण्याची मागणी गोळी मागण्यापूर्वी करा. आमच्या ओतशाळेत पेट्या उचलण्यासाठी साधी साखळीची कप्पी बसवून मिळाली, ती काका गेल्यानंतर तीन वर्षांनी. ती आधी बसली असती, तर कदाचित मला आज या विषयावर बोलण्याचे कारण पडले नसते.

 प्रश्न असतील तर मी येथेच आहे.